अतिशयोक्तीचं पान

"ऐकणाऱ्याला खरं वाटूच नये इतकं फुगवून सांगितलं, की झाली अतिशयोक्ती. लिहून घ्या," मी म्हणाले आणि फळ्यावरच्या त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

बावीस माना वह्यांत गेल्या. एप्रिलचा महिना होता, सकाळचे नऊ वाजलेले आणि डोक्यावर पत्रा. नववीची परीक्षा देऊन दहावीत गेलेल्या मुलांचे सुट्टीतले जादा वर्ग मी घेत होते. मला नुकतंच चोविसावं लागलं होतं, बी.एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेत कोरं करकरीत होतं आणि मराठी हा विषय आपल्याला पुरता कळलेला आहे याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. या गोष्टीला आता तीस वर्षं उलटून गेली. शंका घ्यायला मी कुठल्या दिवशी शिकले, हे मला अजून तारखेसकट सांगता येतं.

मी मूळची नाशिकची. जूनमध्ये कळंबवाडीच्या शाळेत रुजू झाले. विट्याच्या पलीकडे, माळरानावरचं हे गाव. पाऊस बेताचा, विहिरी खोल, म्हणून गावातले पुरुष दोन-तीन पिढ्यांपासून गलाईच्या धंद्यात गेलेले. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, टाकायचं आणि त्यातली भेसळ काढून शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी हे लोक पार तामिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत पांगलेले. एक वर्षाआड चैत्रातल्या जत्रेला पंधरा दिवस गावी यायचे आणि परत जायचे. एरवी गावात बायका, म्हातारीकोतारी आणि आमची शाळा. मी येऊन दहा महिने झाले होते, तरी माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे बाप मी पाहिलेच नव्हते. सोन्याचा धंदा म्हटल्यावर मखमलीचे डबे आणि गादीवर बसलेली माणसं डोळ्यांपुढे यायची, आणि मी त्यावर समाधानी होते.

अलंकार मी खुणेच्या शब्दांनी शिकवायचे. 'सारखा', 'समान', 'परी' दिसला की उपमा. 'जणू', 'गमे', 'वाटे' दिसला की उत्प्रेक्षा. 'म्हणजे' किंवा 'हाच' दिसला की रूपक असेल का बघा. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. कुणाची तुलना त्याच्याशीच केली की अनन्वय. एवढं पाठ केलं की बोर्डाचे गुण खिशात.

"उद्याचा अभ्यास," मी म्हणाले. "सहा अलंकार, सहा पानं. प्रत्येक पानावर वर व्याख्या आणि खाली स्वतःच्या मनानं केलेलं एक उदाहरण. गाइडातलं चालणार नाही."

गाइडातलं चालणार नाही म्हटल्यावर निम्म्या वर्गानं शेजारच्याच्या गाइडातलं लिहिलं. पण वह्या गोळा झाल्या आणि मी त्या शिस्तीत तपासल्या. शिस्त अशी, की आधी बावीसच्या बावीस वह्यांतलं उपमेचं पान तपासायचं, मग बावीस रूपकं, मग बावीस उत्प्रेक्षा. एक वही सलग तपासली तर त्या मुलाबद्दल मत बनतं आणि गुणांत पक्षपात होतो, असं आम्हाला बी.एड.ला शिकवलेलं. मी ते वेदवाक्य मानायचे.

जयमाला साळुंखेची उदाहरणं मात्र प्रत्येक फेरीत मला थांबवत होती. ही मुलगी भिंतीकडेच्या बाकावर बसायची. वर्षभरात तिनं वर्गात आपणहून एक शब्द उच्चारलेला नव्हता. विचारलं तर उत्तर द्यायची, तेही इतकं हळू की मला बाकापर्यंत जावं लागे. पण तिच्या लिहिण्यावर माझा जीव जडला होता. बोर्डात ही मराठीत पहिली येणार आणि माझं नाव काढणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. खोटं कशाला बोलू, त्यातलं अर्धं तिच्यासाठी होतं आणि अर्धं माझ्यासाठी.

शेवटच्या फेरीला अतिशयोक्तीचं पान आलं. बाकीच्यांनी समुद्र आटवले होते, आभाळं फाडली होती. वडिलांना दादा म्हणणाऱ्या जयमालानं एकच ओळ लिहिली होती.

'माझ्या दादांच्या तळहातावर एकही रेषा उरलेली नाही.'

मी लाल पेनानं शेजारी लिहिलं, 'वा! उत्तम अतिशयोक्ती.' आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"बघा, याला म्हणतात कल्पनाशक्ती," मी म्हणाले. "जयमालाचे वडील खूप कष्ट करतात, एवढंच तिला सांगायचंय. पण ते तिनं कसं सांगितलं? कष्ट करून करून हातावरच्या रेषासुद्धा झिजून गेल्या म्हणते! आता असं कधी असतं का? कुणाच्या हातावरच्या रेषा जातात का?"

वर्गात कुणी हललं नाही. एरवी अशा वेळी मागच्या बाकावरून एखादं तरी वाक्य यायचं. त्या दिवशी सगळी माझ्याकडे बघत राहिली, जसं एखाद्या पाहुण्यानं जेवणाच्या पंगतीत भलतंच काही विचारावं आणि घरच्यांनी एकमेकांकडे न बघता वाढत राहावं.

"जातात का?" मी पुन्हा विचारलं.

"न्हाई बाई," वर्ग एका सुरात म्हणाला.

"मग कळलं ना, अतिशयोक्ती म्हणजे काय?"

"व्हय बाई."

जयमाला बाकावर बोटानं काहीतरी गिरवत होती. मला वाटलं, पोर कौतुकानं लाजली. मी तिची वही घरी जाऊन पुन्हा वाचायची म्हणून माझ्याकडेच ठेवून घेतली, आणि वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जत्रा अगदी तोंडावर आली होती, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या बाकावर बसणारी शकुंतला वर्ग सुटताना माझ्यापाशी रेंगाळली.

"बाई, जयमाला आता न्हाई येणार."

"का? बरं नाही का तिला?"

"तिचं दादा आल्यात तामिळनाडूतनं, इरोडवरनं. जत्रा झाली की समदी जाणार हायत तिकडं. घराला कुलूप लावून."

"आणि दहावी?"

शकुंतलानं खांदे उडवले. "तिकडं कुठली मराठी शाळा, बाई."

मी तडक हेडसरांच्या खोलीत गेले. हेडसर शांतपणे चहा पीत होते. "टिपणीसबाई, हे इथं दरसाल होतं," ते म्हणाले. "जत्रा झाली की दोन-चार पोरं जातात. बाप आहे, तो नेतो. आपण कोण अडवणार? हजेरीपटावर शेरा मारायचा आणि पुढं चालायचं."

"ती बोर्डात येईल, सर."

"येईल की. पण आधी गावात राहायला पाहिजे ना."

मला त्यांचा असा राग आला की मी चहासुद्धा घेतला नाही. जयमालाची वही पिशवीत टाकली आणि छत्री उघडून भर उन्हात गावाकडे निघाले. बापाला समजावून सांगायचं, पोरीची हुशारी त्याच्या डोळ्यांपुढे ठेवायची, की तो कसा नाही म्हणतो तेच बघते, असं स्वतःशी घोकत होते.

गाव ओळखू येत नव्हतं. वर्षभर निम्म्या घरांना कुलपं असायची, ती सगळी निघाली होती. दारांना तोरणं लागली होती. पारावर पांढऱ्या लुंग्या नेसलेली माणसं बसली होती आणि मराठीत भांडता भांडता मध्येच तामिळ बोलत होती. एका घरासमोर केळ्याचे वेफर वाटले जात होते. मी ज्यांच्या मुलांना वर्षभर शिकवत होते, ते सगळे बाप एकदम समोर होते, आणि बाई म्हणून मला बघून अदबीनं उठून उभे राहत होते.

साळुंख्यांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढच्या सोप्यात एक हडकुळे गृहस्थ कॉटवर बसले होते. मला पाहताच ते गडबडीनं उठले, खांद्यावरचा टॉवेल हातांवर घेतला आणि मान लववली.

"या बाई, या. बसा. अगं, शाळंच्या बाई आल्यात."

आतून जयमालाची आई आली. हसऱ्या चेहऱ्याची, मितभाषी बाई. सुपात गहू होते, ते घेऊनच ती उंबऱ्याशी टेकली. जयमाला मधल्या दाराच्या आड होती. तिच्या परकराची कड तेवढी दिसत होती.

मी प्रस्तावना वगैरे केली नाही. थेट मुद्द्यावर आले. म्हटलं, ही मुलगी अशी सहज मिळत नाही. म्हटलं, एकच वर्ष थांबा. म्हटलं, दहावी सुटली की पुढे सगळंच सुटतं. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण बजरंगराव साळुंखे मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत मला पंख्याखाली सरकायला सांगत होते.

माझं बोलून झाल्यावर ते थोडा वेळ टॉवेलाच्या दशा चाळवत राहिले.

"बाई, तुमी म्हणताय ते समदं खरं हाय," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय, मला बी कळतंय. पर माझं बी जरा ऐकून घ्या. ही जलमली तवा मी तिकडं हुतो. पयल्यांदा बगितली तवा घरभर चालत हुती, आन् मला बगून रडाया लागली. मग एक साल आड यायचं, पंधरा दिस ऱ्हायचं. पयला आठवडा ती दाराआडनं बगती. दुसऱ्यात कुठं एखादा शब्द बोलती, की माझी मिरजंवरनं गाडी. आठ फेऱ्या झाल्या. समदं मिळून चार महिनं हुत्यात, बाई. पंधरा वरसाच्या पोरीचा मी चार महिन्यांचा बाप."

त्यांनी घसरलेला टॉवेल पुन्हा हातांवर ओढला.

"अजून दोन-तीन सालात लगीन हुईल. मग ती लोकाची. पुन्ना मला कवा गावायची? म्हणून म्हटलं, एक वरीस दोघींना घेऊन जावं. सकाळी भट्टीला जाताना पोरगी दारात दिसावी, येताना दिसावी. बास. मी काय तिला कामाला न्हाई लावत तिकडं."

"तसं मला म्हणायचंच नाही, दादा."

"ती मला वळखत न्हाई, बाई." हे त्यांनी आवाज उतरवून सांगितलं, दाराकडे न बघता. "घरच्या माणसाला पाणी कसं देत्यात? तांब्या उचलायचा, हातात द्यायचा. ही माझ्यासाठी तांब्या ताटलीत ठिवून आणती. पावण्याला आणत्यात तसा. समोर धरती, मान खाली. दर येळंला. आता यात तिचा काय दोस? पावणाच हाय मी."

जयमालाच्या आईच्या हातातलं सूप थांबलं होतं. मी येताना ज्या बापाशी भांडायची तयारी करून आले होते, तो बाप या घरात नव्हताच. समोर होता तो आपल्या मुलीसाठी आसुसलेला माणूस, आणि त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की अजून एक वर्ष एकटे राहा? माझ्यापाशी पिशवीतल्या वहीखेरीज दुसरं काही नव्हतं. मी ती बाहेर काढली.

"निदान हे तरी बघा ती काय लिहिते ते," मी म्हणाले. "हे तुमच्याबद्दलच आहे. परवा मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं." आणि अतिशयोक्तीचं पान उघडून, जरा अभिमानानंच, ते वाक्य वाचलं.

बजरंगरावांनी बायकोकडे बघितलं. मग हातांवरचा टॉवेल बाजूला केला आणि उजवा हात माझ्यापुढे पसरला.

तळहात पिवळट होता, गुळगुळीत होता आणि पुसलेल्या पाटीसारखा कोरा होता. आयुष्यरेषा नाही, मस्तकरेषा नाही, बोटांच्या पेरांवर वळी नाहीत. दुसराही तसाच.

"तेजाब, बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "पयली चार-पाच वरसं कातडी जाती आन् येती. मग येतच न्हाई. ब्यांकेत अंगठा उठत न्हाई माझा. शाई लावली की नुसता गोळा उमटतोय. म्हणून तर सही शिकलो. चौथी शिकलेला माणूस हाय मी, पर सही फाकडी करतो."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं मला वाटलं. फळ्यावरची ती मोठी अक्षरं आठवली. 'कुणाच्या हातावरच्या रेषा जातात का?' असं मी विचारलं होतं. बावीस मुलं, आणि त्यातल्या सतरा-अठरा जणांच्या घरी असेच हात. त्यांनी एकमेकांकडेसुद्धा बघितलं नव्हतं. बाई परगावच्या आहेत, बाईंना कसं दुखवायचं, म्हणून सगळ्या पोरांनी मिळून मला 'न्हाई बाई' म्हटलं होतं. इतकी माणुसकी मी त्यांना शिकवली नव्हती. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"जयमाला, बाहेर ये," मी म्हणाले. "मला सांगितलं का नाहीस गं?"

ती दारात आली. बराच वेळ तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरली. "तुमीच सांगितलं हुतं बाई," ती म्हणाली, "ऐकणाऱ्याला खरं वाटू नये ते अतिशयोक्तीत घालायचं. मागं पुण्याला मावशीकडं गेले हुते तवा तिथल्या पोरींना मी सांगितलं दादांच्या हाताचं. त्यास्नी खरं वाटलं न्हाई. हसल्या. म्हणून त्या पानावर घातलं."

"माझं चुकलं," मी म्हणाले. "हे त्या पानावरचं नाही. जसं आहे तसं सांगणं, त्यात काही न घालता, यालाही एक नाव आहे. स्वभावोक्ती. मी ते शिकवलंच नाही तुम्हाला. परीक्षेला फारसं येत नाही म्हणून."

"जसं हाय तसं सांगण्यात कसला आलाय अलंकार?" बजरंगराव पहिल्यांदाच हसले. मग हसू ओसरलं आणि ते वहीकडे बघत म्हणाले, "आणकी काय लिवलंय तिनं?"

मी पान मागे उलटलं. अनन्वय. तिथं लिहिलं होतं, 'आमच्या दादांसारखे आमचे दादाच.' शेजारी माझा शेरा होता, 'बरोबर. पण पुस्तकी.'

आणखी एक पान मागे. चेतनगुणोक्ती. 'दादा गेले की त्यांच्या घरातल्या चपला आठ दिवस दाराकडे तोंड करून रुसून बसतात. आई त्यांना हलवत नाही.'

बावीस चेतनगुणोक्ती सलग तपासताना मी हिला पाचपैकी चार गुण दिले होते. पण हिच्या सहाही पानांवर एकच माणूस आहे, हे माझ्या शिस्तीनं मला बघूच दिलं नव्हतं. मी मागे मागे जात वाचत राहिले.

उत्प्रेक्षा. 'दादा दुपारी झोपले की आई इतकी हळू भांडी घासते, जणू भांड्यांनाही दोन वर्षांनी डोळा लागला आहे.'

उंबऱ्यापाशी जयमालाच्या आईनं पदर तोंडाला लावला. "काय तरीच लिवती," ती पुटपुटली.

रूपक. 'दादांची बॅग म्हणजे आमच्या घरचं पंचांग. ती कॉटखाली असली की जत्रा, कॉटवर आली की जत्रा संपली. मी रोज सकाळी उठून आधी कॉटखाली बघते.'

बजरंगरावांनी खाली वाकून बघितलं. बॅग कॉटखाली होती. त्यांनी ती पायानं आणखी आत सरकवली.

राहिलं पहिलं पान. उपमा. ते उघडलं आणि मी वाचायची थांबले. त्या पानावर माझी लाल रेघ होती. वाक्याचा पुढचा अर्धा भाग मी खोडला होता आणि समासात लिहिलं होतं, 'वाक्य लांबले. अनावश्यक भाग टाळावा.'

"वाचा की," बजरंगराव म्हणाले.

"'देवाला निवद दाखवताना हात थरथरतो,'" मी वाचलं, "'तसा दादांना पाणी देताना माझा हात थरथरतो.'"

"झालं?"

"पुढचं मी खोडलंय."

"काय हाय फुडं?"

लाल रेघेखालची अक्षरं स्वच्छ दिसत होती. मी वाचलं. "'म्हणून मी तांब्या ताटलीत ठेवते, म्हणजे त्यांच्या अंगावर सांडणार नाही.'"

बजरंगरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तसेच बसून राहिले. पलीकडे जयमाला भिंतीला पाठ लावून उभी होती, लालबुंद झाली होती, पण दाराआड गेली नाही. आईनं सुपातले गहू उगाचच दोनदा पाखडले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

मग त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "तुमी दोघी हितंच ऱ्हावा."

"आन् तुमी?"

"मी काय, सोळा वरसं भाकरी थापतोयच की. आता तर गोल हुत्यात." मग ते माझ्याकडे वळले. "वळखती की ती मला, बाई. पोरगी तुमच्यापाशी ठिवतो. दहावी हू द्या. फुडचं फुडं बगू."

मी जिंकायला आले होते आणि जिंकले होते, आणि त्या माणसाचं काय गेलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. "दादा, तुम्ही..." एवढंच मी म्हणाले.

"पर ही वही मी नेतो," ते म्हणाले.

"द... दादा, ती परीक्षेला लागंल," जयमाला एकदम म्हणाली. घाबरून तिची जीभ अडखळली होती.

"मी तुला दुसरी वही देते," मी म्हणाले. "सगळं पुन्हा उतरवून देते. मी स्वतः." आणि पेन काढलं. "दादा, एक मिनिट. हे लाल शेरे तेवढे मी खोडते."

"ऱ्हाऊ द्यात, बाई." त्यांनी वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली. त्या गुळगुळीत बोटांना पान उलटायला त्रास होत होता. जीभ लावून लावून ते उलटत होते. "रेघंच्या खालचं वाचता येतंय मला. जरा टायम लागतो, पर तिकडं टायमाला काय तोटा न्हाई."

त्यांनी वाकून बॅग ओढली, वही कपड्यांच्या मधोमध ठेवली आणि बॅग परत कॉटखाली ढकलली. जयमाला ते सगळं बघत होती. मग ती भिंतीपासून निघाली आणि कॉटपाशी येऊन उभी राहिली. आजवर ती बापाच्या इतक्या जवळ कधी आली होती की नाही, ते मला ठाऊक नाही.

"दादा," ती म्हणाली. या वेळी मला ऐकायला पुढे व्हावं लागलं नाही. "वाचून संपली की कळवा. मी दुसरी लिहून धाडीन."

"लांब लिव," बजरंगराव म्हणाले. "बाईंना खोडू दे."